ओढल्या जाणाऱ्या चाकांचा विचार

कापसाचा हंगाम सुरू झाला, की कुबीर, मुधोळ, तानूर आणि लोकेश्वरम या बाजूंच्या खेड्यांतून भैंशाच्या जिनिंगांकडे ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची जी रीघ लागते, तिच्याकडे लक्षपूर्वक पाहणाऱ्यास एक विसंगती सहज आढळून येते. पुढचा ट्रॅक्टर बहुधा निगुतीने सांभाळलेला असतो; तो किती अश्वशक्तीचा आणि कोणत्या साली घेतलेला, हे घरातील लहान मूलही सांगू शकते. परंतु त्याच्यामागे जिच्यातून वर्षभराची सारी कमाई वाहून नेली जाते, त्या ट्रॉलीच्या एका बाजूस एका ट्रकचा उतरवलेला टायर, दुसऱ्या बाजूस दुसऱ्याच ट्रकचा रिमोल्ड केलेला, आणि तिसऱ्या चाकात आतून गेटरचे ठिगळ घालून कसाबसा उभा केलेला, असा मामला असतो. ट्रॉलीचा टायर निकामी झाला म्हणजे त्याच्या जागी कोणता घ्यावा, हा प्रश्न वरवर मामुली दिसत असला, तरी त्यात मालाचे वजन, जमिनीचा पोत, रबराचे वय, सरकारी कर आणि रस्त्यावरून जाणाऱ्या इतर लोकांचा जीव एवढ्या गोष्टी गुंतलेल्या आहेत. त्यांचा एकत्र विचार व्हावा, एवढाच या आढाव्याचा हेतू आहे.

या मुलखात चाकाचा प्रश्न जमिनीपासून वेगळा काढता येत नाही. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा नांदेड जिल्हा मुंबई राज्यात गेला. पण त्याच जिल्ह्याच्या मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा आणि कुबीर ही मंडळे त्यातून वगळली जाऊन आंध्र प्रदेशाकडे राहिली, आदिलाबाद जिल्ह्यात मोडू लागली, आणि २०१६ साली तेलंगणातील जिल्ह्यांची फेरआखणी झाल्यावर निर्मल जिल्ह्यात आली. कागदोपत्री अंमल असा बदलत गेला, तरी सरहद्दीच्या दोन्ही बाजूंची काळी जमीन तीच राहिली. उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसाळ्यात चाकाला चिकटून ते जाम करणारी ही माती लोखंडी धाव चढवलेल्या लाकडी चाकाला कधीच मानवली नाही, कारण अरुंद धाव ओल्या रानात खोल रुतत असे, आणि पक्क्या सडकेवर आली, की तीच धाव सडकेची खडी उखडून टाकीत असे.

हवा भरलेल्या रबरी चाकाने ही अडचण बऱ्याच अंशी दूर केली. बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने १८८८ साली अशा चाकाचे एकस्व मिळवले, आणि त्याच्या नावाच्या कंपनीने १९३६ साली बंगालमध्ये हुगळीकाठी साहागंज येथे कारखाना काढला. पुढे रबरी चाकांची बैलगाडी आपल्याकडे डनलॉपची गाडी म्हणूनच खेडोपाडी पोहोचली. पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांनी ऊसतोडणी मजुरांना अशा गाड्या पुरवल्यामुळे तोडणीच्या टोळ्यांत ‘टायर सेंटर’ हा एक स्वतंत्र वर्गच निर्माण झाला. चाक बदलल्याने जनावराला किती सुटका मिळते, याचा अधिकृत दाखला केंद्र सरकारच्या १९६५ सालच्या, ओझ्याच्या जनावरांविषयीच्या नियमांत सापडतो. २०० ते ३५० किलो वजनाच्या मध्यम बैलास दोन चाकी गाडीत, हवेचे टायर नसतील तर ७०० किलो, आणि असतील तर १,०५० किलो ओझ्याची परवानगी त्या नियमांनी दिली आहे. बैल तोच, रस्ता तोच, आणि केवळ चाकाच्या फरकाने मर्यादा दीडपट होते, ही गोष्ट चाकाच्या निवडीस किती महत्त्व द्यावे हे सांगण्यास पुरेशी आहे. बैलगाडीसाठी मुद्दाम बनवलेले ६.००-१९, ७.००-१९ आणि ८.००-१९ या मापांचे टायर आजही बाजारात मिळतात, आणि ज्यांच्या दारी अद्याप बैल आहेत, त्यांनी मोटारीचा जुना टायर शोधण्यापेक्षा हेच घेणे शहाणपणाचे ठरते.

परंतु आज भैंशाच्या परिसरात मालवाहतुकीचा मुख्य भार ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर आहे, आणि तिच्या चाकाचा स्वभाव ट्रकच्या, मोटारीच्या किंवा खुद्द ट्रॅक्टरच्या चाकापेक्षा निराळा आहे, ही या साऱ्या चर्चेतील मूळ बाब होय. इंजिनाच्या जोराने फिरणाऱ्या चाकाला मातीत पकड घ्यावी लागते, म्हणून ट्रॅक्टरच्या मागच्या टायरावर तिरप्या, उंच कड्या असतात. वळवल्या जाणाऱ्या चाकाला दिशा धरून राहावे लागते, म्हणून पुढच्या टायरावर लांबट पट्ट्यांची नक्षी असते. ट्रॉलीचे चाक मात्र फक्त ओढले जाते. त्यास जोर लावायचा नसतो, आणि बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसल्यामुळे रोखून धरण्याचे कामही त्याच्याकडे फारसे येत नाही. यामुळे त्याची नक्षी अतिशय सावकाश झिजते. आणि नेमकी हीच गोष्ट मालकाची फसवणूक करते. कारण नखाने खोली चाचपून, नक्षी शाबूत आहे म्हणून समाधान मानण्याची जी आपली पद्धत आहे, ती झिजून निकामी होणाऱ्या टायराच्या बाबतीत ठीक असली, तरी ट्रॉलीचा टायर सहसा झिजून जात नाही. तो ओझ्याने, उन्हाने आणि वयाने जातो.

तेव्हा पहिला विचार ओझ्याचा. कापूस हा आकाराने मोठा आणि वजनाने हलका माल आहे. ट्रॉलीच्या फळ्यांवर आणखी उंच जाळी लावून भरलेला सुटा कापूस डोळ्यांना डोंगराएवढा दिसतो, पण त्याच ट्रॉलीत फळ्यांच्या निम्म्यापर्यंत भरलेली ओली वाळू किंवा मुरूम त्याहून कितीतरी जड असतो. हंगामात कापूस, मग सोयाबीन, आणि उन्हाळ्यात बांधकामाची वाळू व विटा, असा एकाच ट्रॉलीचा वर्षक्रम असतो; टायर निवडताना मात्र मालक कापसाचा विचार करतो, आणि टायर फुटतो तो वाळूच्या खेपेस. म्हणून वर्षातील सर्वांत जड खेपेचा काटा करून घ्यावा, आणि त्यावरूनच हिशेब मांडावा. समजा, दोन चाकी ट्रॉली रिकामी १,२०० किलोची आहे आणि तीत ३,००० किलो माल आहे. एकूण ४,२०० किलोंपैकी ६०० किलो भार हुकावाटे ट्रॅक्टरवर गेला, तर उरलेले ३,६०० किलो दोन चाकांवर, म्हणजे प्रत्येकी १,८०० किलो येतात. खड्डा, उतार किंवा एका बाजूस कललेला माल यांसाठी पाचवा हिस्सा वाढवून धरला, तर प्रत्येक टायराची क्षमता निदान २,१६० किलो असली पाहिजे.

ही क्षमता टायराच्या बाजूवरच छापलेली असते, पण ती वाचण्याचा शिरस्ता आपल्याकडे नाही. नव्या टायरांवर मापानंतर भाराचा एक निर्देशांक आणि वेगाचे एक अक्षर असते. १०० या अंकाचा अर्थ ८०० किलो, १२१ म्हणजे १,४५० किलो, १३० म्हणजे १,९०० किलो, आणि १३५ म्हणजे २,१८० किलो. वरील उदाहरणातील ट्रॉलीस म्हणून १३५ किंवा त्याहून वरचा अंक पाहिजे. एकच चाक आणि जोडचाक यांसाठी दोन निरनिराळे अंक दिलेले असतात, त्यांतील आपल्या ट्रॉलीस लागू पडणारा घ्यावा. वेगाच्या अक्षरांत ‘ए८’ म्हणजे ताशी ४० किलोमीटर, ‘जे’ म्हणजे १०० आणि ‘के’ म्हणजे ११०. सर्वत्र बोलला जातो तो ‘प्लाय’चा आकडा मात्र जरा समजून घ्यावा लागतो. टायराचा सांगाडा एके काळी सुती दोऱ्यांच्या थरांनी विणला जात असे, आणि त्या थरांच्या संख्येवरून त्याची ताकद सांगितली जात असे. पुढे कापसाची जागा नायलॉनने घेतली, थर कमी झाले, पण ताकद सांगण्याचे माप तेच राहिले. म्हणजे आज ‘१६ प्लाय’ म्हटले, तरी आत सोळा थर असतातच असे नाही; तितक्या सुती थरांच्या तोडीची ताकद, एवढाच त्याचा अर्थ.

या अज्ञानातून होणारा सर्वांत मोठा घोटाळा मापाचा आहे. ७.५०-१६ या मापाचा टायर ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकासाठीही बनतो, आणि ट्रॉलीसाठी किंवा हलक्या ट्रकसाठीही बनतो. माप एक, रिम एक, पण पहिला बहुधा ८ प्लायचा असतो, तर दुसरा १६ प्लायपर्यंत मिळतो. ट्रॅक्टरच्या पुढच्या टायरावर ‘एफ-२’, मागच्यावर ‘आर-१’, आणि ओढल्या जाणाऱ्या अवजारांच्या टायरावर ‘आय-१’ अशी जी खूण असते, ती त्याचे काम सांगते. रिमवर बसला म्हणजे भार पेलला, अशी समजूत करून घेऊन पुढच्या चाकाचा टायर ट्रॉलीस चढवणारा इसम प्रत्यक्षात निम्म्या ताकदीच्या चाकावर पुरते ओझे लादीत असतो.

आता बाजारात जे पर्याय प्रत्यक्ष उपलब्ध आहेत, त्यांचा क्रमाने परामर्श घेऊ. सर्वांत प्रचलित पर्याय ट्रकचा उतरवलेला टायर हा होय. ९.००-२० आणि १०.००-२० या मापांचे असे टायर कोणत्याही महामार्गालगतच्या गावात मिळतात, आणि कल्याणहून नांदेड, भोकर, भैंसा करीत निर्मलला पोहोचणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६१ गावातूनच जात असल्याने भैंशात तर त्यांची वाण नाही. या टायरांच्या बाजूने एक रास्त मुद्दा मांडता येतो, तो असा की ट्रकचा टायर ताशी १०० किलोमीटरच्या वेगासाठी बनलेला असतो, आणि ट्रॅक्टर ताशी ३० च्या आसपास चालतो. वेग कमी म्हणजे उष्णता कमी, आणि उष्णता कमी म्हणजे आयुष्य अधिक. मुद्दा खरा आहे, पण अर्धा. ट्रकमालकाने तो टायर का उतरवला, हे विकत घेणाऱ्यास कधीच कळत नाही. नक्षी उरलेली असूनही टायर उतरवला गेला असेल, तर आतील थर सुटलेले असण्याचा संशय घेण्यास भरपूर जागा आहे. अशा टायराच्या आत हात फिरवून गेटर, उंचवटा किंवा तुटलेला दोरा लागतो का, आणि बाहेरून फुगा दिसतो का, ही तपासणी केल्याविना तो घेऊच नये.

दुसरा पर्याय रिमोल्डचा. जुन्या सांगाड्यावर नवे रबर चढवण्याची ही विद्या मुळात वाईट नाही. सांगाडा निरोगी असेल, तर रिमोल्ड हा काटकसरीचा आणि योग्य उपाय आहे, आणि बस व ट्रकांचे मोठे ताफेही तो अवलंबतात. पण ताफ्याचा मालक आपलाच सांगाडा रिमोल्डला पाठवतो व आपलाच परत घेतो. ट्रॉलीच्या मालकास मिळतो तो कोणाचा तरी सांगाडा, ज्याच्या वयावर नव्या रबराने पडदा टाकलेला असतो. झिजेने न मरणाऱ्या चाकासाठी नव्या नक्षीचे पैसे मोजावेत, आणि ज्यावर त्याचे आयुष्य अवलंबून आहे तो सांगाडा मात्र अज्ञात असावा, हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे. स्वतःच्याच ट्रॉलीचा, स्वतः सांभाळलेला सांगाडा असेल, तर गोष्ट निराळी.

तिसरा पर्याय नवा, आडव्या-तिडव्या नायलॉन थरांचा ट्रॉली टायर, आणि चौथा पोलादी पट्ट्यांचा रेडियल. रेडियलचे एकस्व फ्रान्समधील मिशलँ कंपनीने १९४६ साली घेतले. त्याच्या बाजू लवचीक आणि माथा ताठ असल्याने तो थंड चालतो व इंधनाची थोडी बचत करतो, म्हणून लांबच्या महामार्गावर त्याचे श्रेष्ठत्व वादातीत आहे. परंतु कापसाची पऱ्हाटी आणि तूर कापल्यावर रानात जी धसकटे उभी राहतात, ती एखाद्या पाजळलेल्या खिळ्याप्रमाणे टायराच्या बाजूत शिरतात, आणि रेडियलची बाजू पातळ असते, शिवाय ती फाटली, तर गावच्या पंक्चरवाल्याकडून तिची धड दुरुस्ती होत नाही. रानात उतरणाऱ्या ट्रॉलीस जाड बाजूंचा नायलॉन टायर, आणि बहुतांशी डांबरी रस्त्याने जिनिंग ते गोदाम अशा खेपा करणाऱ्या ट्रॉलीस रेडियल, अशी विभागणी आम्हास योग्य वाटते. दोन्ही जाती एकाच धुऱ्यावर मिसळणे मात्र कोणत्याही परिस्थितीत वर्ज्य मानावे, कारण दोहोंचे दबणे वेगळे, आणि त्यामुळे भार एकाच बाजूस सरकतो. जोडचाकांत तर दोन टायरांच्या उंचीत थोडाही फरक असला, तरी उंच टायर सगळे ओझे एकटा उचलतो, व आधी तोच जातो.

ओझ्याखालोखाल विचार वयाचा. टायराच्या बाजूवर लंबगोल चौकटीत चार आकडी तारीख असते. २३१९ याचा अर्थ २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. ट्रॉली वर्षातले अनेक महिने अंगणात, उन्हात, एकाच जागी उभी राहते, आणि हे उभे राहणेच टायरास बाधते. रबरात हवेतील ओझोनपासून रक्षण करणारे मेण मिसळलेले असते, ते टायर फिरता व दबता राहिला तरच पृष्ठभागावर झिरपत राहते. उभ्या टायरात ते आतच राहते, पृष्ठभाग कोरडा पडतो, आणि बारीक भेगांचे जाळे दिसू लागते. परदेशांत पर्यटनासाठी मोटारीमागे जे फिरते घर ओढून नेले जाते, त्याच्या मालकांनाही नेमका हाच प्रश्न छळतो. अमेरिकेत अशा घरांसाठी ‘एसटी’ खुणेचे स्वतंत्र टायर बनतात. त्यांच्या बाजू मागच्या भाराचे हेलकावे सोसण्यासाठी अधिक ताठ केलेल्या असतात, आणि ते मोटारीस लावण्यास मनाई असते. ब्रिटनमध्ये तर नक्षी कितीही शिल्लक असो, पाच वर्षांनी टायर बदलावा आणि सातांपलीकडे तो मुळीच वापरू नये, असा सल्ला फिरत्या घरांच्या मालकांना दिला जातो. ट्रॉलीचा वेग कमी असल्यामुळे तिला वर्ष-दोन वर्षांची अधिक सूट देता येईल. पण नवा म्हणून घेतलेला टायर दुकानातच तीन वर्षे पडून होता असे तारखेवरून दिसले, तर तेवढी वर्षे त्याच्या आयुष्यातून आधीच वजा झाली आहेत, असे समजून किंमत ठरवावी. हंगाम संपल्यावर ट्रॉली रिकामी करून धुऱ्याखाली लाकडी ठोकळे द्यावेत, आणि टायरांवर पोते किंवा ताडपत्री टाकावी, एवढ्या बंदोबस्तानेही पुष्कळ काम होते.

तिसरा विचार हवेचा. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यास अधिक दबतो, दबण्यातून उष्णता निर्माण होते, आणि उष्णतेने थर सुटतात. भैंशाच्या मे महिन्यात, जेव्हा सडकच तापलेली असते, तेव्हा हे चक्र अधिक वेगाने फिरते. याउलट, तापल्यावर दाब वाढला म्हणून वाटेत हवा सोडणे ही त्याहून मोठी चूक होय, कारण टायर थंड होताच तो कमी हवेचा ठरतो. दाब नेहमी सकाळी, टायर थंड असताना, आणि किती पौंड ते टायरावर छापलेल्या आकड्याशी ताडून मोजावा. नव्या टायरात जुनी ट्यूब व जुना फ्लॅप घालून चार पैसे वाचवण्याची प्रथाही सोडली पाहिजे. ताणलेली ट्यूब आत घडी धरते, घडीवर घासली जाते, आणि बाभळीच्या काट्याची वाट न पाहताच फाटते.

राहता राहिला किमतीचा विचार. पूर्वी सरहद्दीवरील खरेदीदार विक्रीकरातील फरकाचा हिशेब करून नांदेडला जावे की निजामाबादला, हे ठरवीत असे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यापासून तो फरक उरलेला नाही. सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरच्या टायरांवरील कर ५ टक्क्यांवर, आणि इतर बहुतेक नव्या टायरांवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणण्यात आला. या सवलतीने नवा टायर पूर्वीपेक्षा आवाक्यात आला आहे हे खरे. पण ट्रॅक्टरचा टायर कमी कराचा म्हणून तोच ट्रॉलीस चढवण्याचा मोह या फरकामुळे वाढण्याची शक्यता आहे, आणि त्याचा धोका वर सांगितलाच आहे. मालाची टंचाईही नाही. एमआरएफचा कारखाना तेलंगणातच सदाशिवपेठेस आहे, सीएटचा नाशकात, आणि शेतीचे टायर जगभर निर्यात करणाऱ्या बालकृष्ण इंडस्ट्रीजचा छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला. आपल्या मराठवाड्यात बनलेले शेतीचे टायर परदेशच्या रानांत धावावेत, आणि त्याच मराठवाड्याच्या सीमेवरील ट्रॉली मात्र ट्रकांच्या उतारावर चालावी, ही स्थिती शोचनीय आहे.

या साऱ्या विवेचनाचा निष्कर्ष एका क्रमात सांगता येईल. आधी वर्षातील सर्वांत जड खेपेचे वजन, मग त्या वजनास पुरणारा भारांक, मग तारीख, मग रान की सडक यानुसार टायराची जात, मग एका धुऱ्यावर एकाच जातीची, एकाच मापाची जोडी, आणि या पाचांतून जे उरेल त्यातच किंमत व नक्षी यांची निवड. बाजारात आज हा क्रम नेमका उलटा चालतो. तो सुलटा करण्यास मोठ्या कायद्याची गरज नाही. ट्रॉली बनवणाऱ्या प्रत्येक कारागिराने तिच्या दांडीवर किती किलो माल हे ठळक कोरावे, टायर विकणाऱ्याने पावतीवर भारांक आणि तारीख लिहून द्यावी, आणि बाजार समितीने हंगामाच्या आरंभी काट्याजवळ हवा मोजण्याची एक सोय ठेवावी, एवढ्या तीन तजविजींनी निम्मे अपघात टळतील, असा आमचा भरवसा आहे. उरलेले निम्मे टाळणे मालकाच्या हाती आहे, आणि दुकानात गेल्यावर त्याने पहिला प्रश्न भावाचा न विचारता भारांकाचा विचारला, तर त्याचा आरंभ तिथूनच होईल.